ॲपवरचा बहिष्कार चौथ्या दिवशी का ढेपाळतो? सीमाभागातल्या मंडळींनी या चुका टाळा

सीमाभागातल्या माणसाला चिकाटी शिकवायला बाहेरून कुणी यायची गरज नाही. १ नोव्हेंबर १९५६ ला बेळगाव, निपाणी, खानापूर हा पट्टा तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेला. तेव्हापासूनचं गाऱ्हाणं इथं पिढ्यान्‌पिढ्या धरून ठेवलेलं आहे. दर १ नोव्हेंबरला काळा दिन, मूक सायकल फेरी. आजोबा ज्या रांगेत उभे राहिले तिथं आता नातू उभा राहतो. सीमाप्रश्नावर तुमचं मत काहीही असो, इतकी वर्षं एखादी गोष्ट हातातून न सोडणं सोपं नाही.

आणि हीच माणसं एखाद्या सोशल मीडिया कंपनीवर चिडून ‘आजपासून हे ॲप बंद’ असं जाहीर करतात आणि चौथ्या दिवशी त्याच ॲपवर ‘शुभ सकाळ’चं गुलाबाचं फूल टाकतात.

जानेवारी २०२१ आठवा. व्हॉट्सॲपनं नव्या गोपनीयता धोरणाची सूचना पाठवली. ८ फेब्रुवारीपर्यंत मान्य करा, नाहीतर खातं वापरता येणार नाही, असा तिचा सूर होता. लोक भडकले. ७ जानेवारीला इलॉन मस्कनं दोन शब्दांत ‘सिग्नल वापरा’ म्हटलं (सिग्नल हे व्हॉट्सॲपसारखंच दुसरं मेसेजिंग ॲप), तसल्याच टेलिग्रामनं ७२ तासांत अडीच कोटी नवे वापरकर्ते आल्याचं सांगितलं आणि १५ जानेवारीला गर्दीच्या लोंढ्यानं सिग्नल बंदच पडलं. आपल्याकडंही ग्रुपाग्रुपांत ‘सिग्नलवर या’ असे फॉरवर्ड फिरले. फिरले अर्थातच व्हॉट्सॲपवर. आज त्यातले किती ग्रुप सिग्नलवर जिवंत आहेत ते आपापल्या फोनमध्ये बघून घ्या.

यावर लोक पटकन म्हणतात, ‘आपल्या लोकांत दमच नाही.’ मला हे निदान पटत नाही. दम तोच असतो, माणसंही तीच असतात. बहिष्काराची मांडणीच अशी केलेली असते की प्रत्येकानं एकट्यानं, कुणाला न दिसता, रोज थोडं थोडं नुकसान सोसत बसायचं. असं केलं तर कुणीही परत फिरेल. तेव्हा चुका कुठं होतात ते बघू.

राग त्याच ॲपमध्ये खर्च करून टाकणं

डीपी काळा करायचा, स्टेटस टाकायचं, हॅशटॅग चालवायचा, कंपनीच्या मालकाचं मीम फॉरवर्ड करायचं. हे सगळं करताना आपण लढतोय असं वाटतं. कंपनीच्या हिशेबात मात्र त्या दिवशी तुम्ही नेहमीपेक्षा जास्त वेळ ॲपवर होता. जाहिराती तेवढ्याच, किंबहुना जास्त दिसल्या.

याचं जुनं उदाहरण फेसबुकचं. ५ सप्टेंबर २००६ ला त्यांनी न्यूज फीड सुरू केली, म्हणजे मित्रांनी काय काय केलं ते सगळं एका पानावर दिसू लागलं. वापरकर्ते खवळले. निषेधाचा ग्रुप काही दिवसांत सात लाखांच्या घरात गेला, आणि तेव्हा फेसबुकच मुळात एक कोटीच्या आसपास होतं. पण तो ग्रुप एवढा वाढला कसा? न्यूज फीडमुळंच. अमक्यानं निषेध ग्रुप जॉइन केला ही बातमी फीडच सगळ्यांना सांगत होती. कंपनीनं दोन-तीन दिवसांत गोपनीयतेची काही बटणं दिली, झुकरबर्गनं माफीवजा पत्र लिहिलं, आणि फीड राहिली ती राहिलीच.

तेव्हा ॲपवर एकच काम करा: आपण कुठं भेटणार आहोत ते सांगा. बाकीची चर्चा, चिडचिड, पुढचं नियोजन दुसरीकडं करा. फोनवर, गल्लीत, देवळाच्या कट्ट्यावर, कुठंही. डीपी काळा करायला माझी हरकत नाही, पण त्यानंतर बऱ्याच जणांना ‘आपलं काम झालं’ असं वाटतं, आणि तिथंच गाडी थांबते.

बंदची शेवटची तारीख आधीच सांगून टाकणं

रेडिट ही चर्चेच्या ग्रुपांची परदेशी साइट आपल्याकडं गावोगावी कुणी वापरत नाही, पण या चुकीसाठी तिच्याइतकं स्वच्छ उदाहरण नाही. २०२३ मध्ये कंपनीनं बाहेरच्या ॲपना माहिती पुरवण्यासाठी जबर दर लावले. रेडिट वाचण्यासाठीचं अपोलो नावाचं लोकप्रिय ॲप चालवणाऱ्यानं हिशेब मांडला तेव्हा वर्षाला सुमारे दोन कोटी डॉलर निघाले. निषेध म्हणून १२ जूनपासून दोन दिवस आठ हजारांहून जास्त ग्रुपांनी आपली दारं बंद केली. एवढी मोठी संख्या क्वचितच जमते. पण ‘दोन दिवस’ हे आधीच जाहीर होतं. कंपनीच्या प्रमुखानं कर्मचाऱ्यांना कळवलं की अशी वादळं येतात तशी हेही जाईल. दोन दिवस कळ काढायची एवढंच त्यांना करायचं होतं. ज्यांनी नंतरही दारं बंद ठेवली त्यांना सांगण्यात आलं की तुमच्या जागी दुसरे संचालक नेमता येतील. ३० जूनला अपोलो बंद झालं, १ जुलैपासून नवे दर लागू झाले आणि मार्च २०२४ मध्ये कंपनी शेअर बाजारातही उतरली.

एक दिवसाचा बेळगाव बंद व्यापाऱ्याला, बसला, सरकारी कचेरीला लगेच जाणवतो, कारण त्या दिवसाचा धंदा बुडतो. ॲपचा धंदा तसा बुडत नाही. दोन दिवसांची उणीव तिसऱ्या दिवशी तुम्हीच भरून काढता: साठलेले मेसेज वाचता, काय काय झालं ते बघता. म्हणून तारीख लावायचीच असेल तर आढाव्याची लावा. ‘दर रविवारी बसून पुढचं ठरवू’ म्हणा. ‘परवा संपलं’ म्हणू नका.

कामं अडतात, तिथंच निर्धार तुटतो

खरी गाठ इथं आहे, म्हणून जरा सविस्तर.

बहिष्कार पुकारणाऱ्याला ॲप म्हणजे गप्पांची जागा वाटते. गावातल्या बहुतेकांना ते गप्पांसाठी लागतच नाही. वडगाव-शहापूरच्या विणकराला साडीचा फोटो व्यापाऱ्याला पाठवायचा असतो, काठाचा रंग पसंत पडला की माग चालू. गोव्यात कामाला गेलेला भाऊ रात्री साडेनऊला व्हिडिओ कॉल करतो. मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र बेळगावातच. सैन्यात असलेल्या पोराशी घरच्यांची गाठ पडते ती याच फोनवर. गल्लीच्या ग्रुपवर ‘आज पाणी येणार काय?’ हा एक प्रश्न रोज सकाळी येतो आणि त्याचं उत्तर ज्याला मिळत नाही त्याच्या घागरी रिकाम्या राहतात. बचत गटाचा हप्ता, शाळेची सूचना, भजनी मंडळाचा सप्ताह, चंदगडला दिलेल्या बहिणीचा निरोप, सगळं तिथंच.

अशा माणसाला तुम्ही म्हणता, ‘तत्त्वासाठी ॲप काढून टाका.’ तो काढतोही. दुसऱ्या दिवशी व्यापाऱ्याचा फोन येतो, ‘फोटो कुठाय?’ तिसऱ्या दिवशी पाणी येऊन जातं. चौथ्या दिवशी तो गुपचूप ॲप परत घेतो आणि विचारलंत तर म्हणतो, ‘सगळी तिकडंच हाईत की ओ, मी एकटा बाहेर बसून काय करू?’ त्याचं चुकलं असं मी म्हणणार नाही. अशा सेवेची किंमत ती किती जण वापरतात यावर ठरते. पहिला बाहेर पडणारा सगळ्यात जास्त गमावतो आणि शंभरावा जवळजवळ काहीच गमावत नाही. आपण मात्र नेहमी उत्साही पहिल्या पाचांनाच पुढं ढकलतो आणि शंभरावा काठावर बसून बघतो.

१९८१ मध्ये निपाणीजवळ तंबाखूच्या भावासाठी शरद जोशींच्या नेतृत्वाखाली शेतकरी पुणे-बंगळूर महामार्गावर बसले. १४ मार्चला सुरू झालेलं ते आंदोलन ६ एप्रिलपर्यंत चाललं आणि शेवटी गोळीबारात शेतकऱ्यांचे जीव गेले. त्या धैर्याबद्दल आपण बोलतो ते योग्यच. पण तीन आठवडे रस्त्यावर काढायचे म्हणजे जेवण, पाणी, झोप, घरच्या जनावरांची वैरण, या सगळ्याचं काहीतरी करावंच लागतं. घोषणा कितीही खणखणीत असली तरी पोट रोज भुकेजतं. ऑनलाइन बहिष्कारात हा भाग कुणी बघतच नाही.

उपाय तसा साधा आहे, पण कंटाळवाणा. माणूस एकेक करून हलवू नका, ग्रुप हलवा. आणि मोठा ग्रुप आधी नको. घरचा पाच-सात जणांचा ग्रुप घ्या, तो दुसऱ्या ॲपवर पंधरा दिवस चालवा. मग गल्लीचा पाण्याचा. त्यात ॲडमिनची भूमिका कळीची आहे: पाण्याची बातमी आधी नव्या ठिकाणी पडली पाहिजे, जुन्या ठिकाणी तासाभरानं. लोक भाषणानं हलत नाहीत, पाण्याच्या बातमीनं हलतात. दोन्ही ॲप दोन-तीन महिने शेजारी शेजारी राहू द्या. ‘दोन्हीकडं पाय’ म्हणून कुणी हिणवेल, हिणवू द्या. ज्याचं पोट त्या फोटोंवर आहे त्याला सगळ्यात शेवटी हलवा, आणि तोवर त्याला बहिष्कार मोडणारा म्हणू नका.

घरात ज्येष्ठ असतील तर नवं ॲप त्यांच्या फोनवर बसवून, अक्षरं मोठी करून, एक कॉल लावून दाखवल्याशिवाय उठू नका. ‘आज्जी, हे निळं बटण दाबा’ एवढं सांगून निघालात तर संध्याकाळपर्यंत आज्जी जुन्या ठिकाणी परतलेल्या असतात आणि त्यांच्यापाठोपाठ अख्खं कुटुंब.

पर्याय रागाच्या भरात निवडणं

एक गट सिग्नलवर, एक टेलिग्रामवर, तिसरा आणखी कुठं. तीन घरं झाली की तिन्ही ओस पडतात आणि लोक गर्दीच्या जुन्या वाड्यात परततात. एकच पर्याय निवडा, आणि तो उद्याही असेल का ते बघा.

ट्विटरला देशी उत्तर म्हणून कू गाजलं ते आठवत असेल. बंगळूरमध्ये जन्मलेलं, आधी कन्नडमध्ये आलेलं, पुढं मराठीतही. २०२१ च्या सुरुवातीला सरकार आणि ट्विटरचा खटका उडाला तेव्हा मंत्री, खाती, सेलिब्रिटी तिकडं गेले. जुलै २०२४ मध्ये ते बंद झालं. त्याआधी नोव्हेंबर २०१९ मध्ये ज्येष्ठ वकील संजय हेगडे यांचं ट्विटर खातं बंद केल्यावर बरेच भारतीय मॅस्टोडॉन या ट्विटरसारख्या दुसऱ्या ठिकाणी गेले होते. त्यातले बहुतेक फार दिवस थांबले नाहीत. ॲप वाईट होतं म्हणून नव्हे; ज्यांच्याशी भांडायचं ते सगळे ट्विटरवरच राहिले होते!

निवडताना तीन गोष्टी विचारा: पैसा कुठून येतो, मेसेज दोन्ही टोकांना कुलूपबंद आहेत का (म्हणजे पाठवणारा आणि घेणारा सोडून ते कुणालाच वाचता येत नाहीत ना), आणि उद्या निघायचं झालं तर आपली माहिती बाहेर काढता येते का. सिग्नल ना-नफा संस्था चालवते, आणि तिच्या उभारणीला २०१८ मध्ये पाच कोटी डॉलर दिले ते ब्रायन ॲक्टन यांनी. म्हणजे व्हॉट्सॲपच्याच दोन संस्थापकांपैकी एकानं. टेलिग्रामवर साधी चॅट आपोआप दोन्ही टोकांना कुलूपबंद नसते, त्यासाठी सीक्रेट चॅट वेगळी उघडावी लागते. गोपनीयतेसाठी बहिष्कार टाकून तिकडं गेलेल्या अनेकांना हे ठाऊकच नव्हतं.

कोण टिकलंय ते कुणालाच न दिसणं

रस्त्यावरच्या बंदला शटर असतं. गणपत गल्लीत सकाळी दहा वाजता कुणाचं शटर वर आहे आणि कुणाचं खाली हे येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसतं. शेजाऱ्याचं खाली असलं की आपलं वर करायला हात धजत नाही. ॲपला शटर नाही. तुम्ही पाच दिवस तिकडं फिरकला नाहीत हे कुणालाच कळत नाही. उलट, जो परत आला तो मात्र लगेच दिसतो, कारण तो बोलतो. टिकलेले गप्प, परतलेले बोलके. मग दोनशेतले वीसच परतले असले तरी उरलेल्यांना वाटतं की आपणच तेवढे वेडे राहिलो.

हे चित्र दुरुस्त करायचं तर टिकणाऱ्यांना दिसतं करावं लागेल. आठवड्यातून एकदा एकमेकांना फोन करा. वाचनालयात किंवा मंडळाच्या फळ्यावर ‘या आठवड्यात नव्या ठिकाणी किती घरं आली’ एवढा एक आकडा लिहा. आकडा लहान असला तरी खरा लिहा. फुगवलेला आकडा एकदा उघडा पडला की फळ्याकडं कुणी बघत नाही. नावं लिहायची तर विचारून.

आणि परत गेलेल्याला टोमणे मारू नका. ‘काय रे, आलास की परत!’ म्हटलं की तो कायमचा विरुद्ध बाजूला जातो, आणि वर स्वतःच्या परतण्याला तत्त्वज्ञान जोडतो: ‘सगळ्या कंपन्या सारख्याच.’ ज्याला कुणी हिणवलं नाही तो पुढच्या वेळी पुन्हा येतो.

नेमकं काय हवं ते एका वाक्यात न सांगणं

२०२१ मध्ये लोकांना काय हवं होतं? कुणाला धोरण मागं घ्यायला हवं होतं, कुणाला व्हॉट्सॲपच्या मालक कंपनीशी, म्हणजे फेसबुकशी, माहितीची देवाणघेवाण बंद हवी होती, कुणाला फक्त झुकरबर्गची जिरवायची होती. कंपनीनं मुदत ८ फेब्रुवारीवरून १५ मेवर नेली, आणि एवढ्यानं वातावरण थंडावलं. मुदत पुढं ढकलणं म्हणजे मागणी मान्य होणं नव्हे. पण मागणीच ठरलेली नसली की कुठलीही सवलत विजयासारखी दिसते.

याउलट फेसबुकची बीकन योजना घ्या. २००७ मध्ये तुम्ही दुसऱ्या साइटवर काय खरेदी केलं ते मित्रांना आपोआप सांगणारी ही सोय आली. विरोधकांचा मुद्दा नेमका होता: आम्हाला विचारल्याशिवाय सांगू नका. महिन्याभरात कंपनीनं माफी मागून ती बंद करायची मुभा दिली आणि २००९ मध्ये अख्खी योजना गुंडाळली. नेमकी मागणी प्रत्येक वेळी जिंकते असं मी म्हणत नाही. पण ती असली की निदान आपण हरलो की जिंकलो हे तरी कळतं.

ॲप काढलं, खातं तसंच राहिलं

हा तांत्रिक भाग, पण बहुतेक गफलती इथंच होतात.

फोनवरून ॲप काढणं म्हणजे खातं बंद करणं नव्हे. व्हॉट्सॲप नुसतं अनइन्स्टॉल केलं तर तुमचं खातं चालूच राहतं, समोरचे मेसेज पाठवत राहतात आणि तुम्ही उत्तर देत नाही म्हणून रागावतात. खातं खरंच बंद करायचं तर सेटिंग्जमधून खातं हटवा. त्याआधी हव्या त्या चॅट एक्सपोर्ट करा आणि फोटो वेगळे साठवा. लग्नाचे, बारशाचे फोटो ॲपमध्ये अडकले म्हणून परत गेलेली माणसं थोडी नाहीत.

फेसबुकवर दोन वेगळी बटणं आहेत. ‘डीॲक्टिव्हेट’ केलं तर खातं झोपतं, मेसेंजर चालू राहू शकतं आणि लॉगइन केलं की सगळं पूर्ववत. ‘डिलीट’ केलं तरी ३० दिवस दार उघडं असतं. या काळात लॉगइन करून मन बदलता येतं आणि डिलीट रद्द होतं. त्यानंतर साठवलेली माहिती पुसायला ९० दिवसांपर्यंत लागू शकतात. ते ३० दिवस म्हणजे तुमच्या निर्धाराची परीक्षाच. म्हणून आधी ‘फेसबुकनं लॉगइन करा’ असं म्हणणारी दुसरी ॲप शोधून त्यांचं लॉगइन बदलून घ्या, नाहीतर एखादा गेम उघडताना नकळत खातं जागं करून बसाल. ब्राउझरमध्ये साठवलेला पासवर्डही काढा.

कागदावर काहीच न ठेवणं

२०२१ ची गर्दी पांगली, पण त्याच जानेवारीत भारतीय स्पर्धा आयोगानं व्हॉट्सॲपच्या धोरणाची स्वतःहून दखल घेतली होती. मार्चमध्ये चौकशीचा आदेश निघाला आणि १८ नोव्हेंबर २०२४ ला आयोगानं मेटाला (फेसबुक कंपनीचं नवं नाव) २१३.१४ कोटी रुपयांचा दंड ठोठावला. कंपनी अपिलात गेली. म्हणजे ज्या मुद्द्यावर ग्रुपमधला राग आठवडाभर टिकला, तोच मुद्दा फायलीत वर्षानुवर्षं चालू राहिला. २००४ पासून सीमाप्रश्नाचा दावा सर्वोच्च न्यायालयात चालताना बघणाऱ्या आपल्या भागाला कागद किती लांब चालतो हे वेगळं सांगायला नको.

तुमची पोस्ट काढली असेल, खातं बंद केलं असेल किंवा तक्रारीची कुणी दखलच घेत नसेल तर बहिष्काराबरोबर हेही करा. २०२१ च्या माहिती तंत्रज्ञान नियमांनुसार अशा कंपनीला तक्रार निवारण अधिकारी नेमावा लागतो आणि तक्रारीची पोच २४ तासांत द्यावी लागते. तक्रार ठरलेल्या मुदतीत निकाली काढणंही बंधनकारक आहे. मूळ नियमांत ही मुदत १५ दिवसांची होती. तक्रारीत पोस्टची लिंक, तारीख, वेळ आणि स्क्रीनशॉट द्या, कोणता निर्णय बदलायला हवा ते एका वाक्यात लिहा. शिव्या नकोत, सीमाप्रश्नाचा इतिहासही नको. उत्तर पटलं नाही तर केंद्र सरकारच्या तक्रार अपील समितीकडं ऑनलाइन जाता येतं. गल्लीतल्या दहा जणांचं एकच दुखणं असेल तर दहा वेगळ्या तक्रारी जाऊ द्यात, प्रत्येकाची पोच वेगळी जपून ठेवा. अपिलाचे ३० दिवस तक्रार केल्यापासून नव्हे, अधिकाऱ्याचं उत्तर हाती पडल्यापासून मोजतात, तेव्हा ती तारीख कॅलेंडरवर लिहून ठेवा.